लॅपटॉप निवडताना वजन हाच पहिला निकष असावा का?

चर्चाप्रस्ताव

लॅपटॉप घ्यायचा म्हटले की आपण प्रोसेसर, मेमरी आणि साठवणक्षमतेच्या आकड्यांपासून सुरुवात करतो. वजनाची ओळ शेवटी, वाचलीच तर वाचतो. ज्याला रोज यंत्र सोबत न्यावे लागते त्याने हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी भाषांतराचे काम करतो. चार वर्षे माझ्याकडे २.२ किलोचा, १५.६ इंची पडद्याचा लॅपटॉप होता आणि चार्जर धरला तर खांद्यावर अडीच किलोंहून अधिक भार पडे. हळूहळू तो घरीच राहू लागला. जेव्हा नेत असे तेव्हाही, पुढच्या प्रवाशाने आसन मागे कलवले की पडदा अर्धा मिटवावा लागे आणि मान खाली घालून मजकूर वाचावा लागे. आताचा लॅपटॉप १.२ किलोचा आहे, तो पिशवीतून काढून ठेवावा असे कधी मनात येत नाही, आणि माझे निम्मे काम प्रवासातच उरकते.

लहान पडद्यावर मजकूर कमी मावतो, हा समजही मोजून पाहण्यासारखा आहे. १६:९ (रुंदी : उंची) प्रमाणाच्या १५.६ इंची पडद्याची उंची सुमारे १९.४ सेंटिमीटर भरते, तर ३:२ प्रमाणाच्या १३.५ इंची पडद्याची सुमारे १९ सेंटिमीटर. रुंदी मात्र सहा सेंटिमीटरने घटते. लेखन-वाचन करणाऱ्याला ओळी किती दिसतात हे महत्त्वाचे, आणि त्या जवळजवळ तितक्याच दिसतात.

प्रतिसाद १

आपल्या कामापुरते हे पटते, परंतु हलकेपणाची किंमत कशात मोजावी लागते हे आपण सांगितलेले नाही. २००८ मध्ये ॲपलचा पहिला मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप आला तेव्हा त्याचे वजन १.३६ किलो होते. त्यासाठी सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह गेला, यूएसबीचे एकच पोर्ट उरले आणि मेमरी बोर्डावरच कायमची जोडली गेली. पुढे बहुतेक पातळ लॅपटॉप त्याच वाटेने गेले. मेमरी बदलता येत नसेल, तर पाच वर्षांनंतरची गरज आजच ओळखून तेवढे पैसे आजच मोजावे लागतात. माझा एक हलका लॅपटॉप केवळ ४ जीबी मेमरीमुळे निकामी ठरला. कळफलक, पडदा, बॅटरी सारे ठणठणीत होते, पण ब्राउझरची सहा-सात पाने उघडली की अक्षर टंकल्यावर ते पडद्यावर उमटेपर्यंत वाट पाहावी लागे. चालते यंत्र अशा रीतीने टाकून द्यावे लागणे मला अतिशय खटकते. म्हणून मी पहिला निकष दुरुस्तीक्षमतेचा मानतो. अर्धा किलो जास्त उचलायला माझी हरकत नाही.

प्रतिसाद २

मुद्दा कळफलकाचा आहे आणि त्याकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले आहे. २००७ मध्ये आलेला असुस ईई पीसी हा छोटा लॅपटॉप जेमतेम ९२० ग्रॅमचा होता, पडदा सात इंची. लोकांनी तो कौतुकाने घेतला, पण त्याच्या आखूड कळफलकावर लांब लेखन करणे जिकिरीचे होते. नेहमीच्या कळफलकावर दोन शेजारच्या कळांच्या मध्यबिंदूंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. ते घटले की बोटांची सवय मोडते. लहान यंत्र घेणाऱ्याने आधी त्यावर एक पूर्ण परिच्छेद टंकून पाहावा.

चर्चाप्रस्तावक

कळफलकाचा मुद्दा मान्य. मेमरीचाही मान्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फ्रेमवर्क या कंपनीचा २०२१ पासून मिळणारा १३.५ इंची लॅपटॉप सुमारे १.३ किलोचा आहे. त्यातील मेमरी, साठवण, बॅटरी, इतकेच नव्हे तर पोर्टही वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतात. म्हणजे वजन आणि दुरुस्ती यांचे हाडवैर नाही. ते उत्पादकांनी आपल्या सोयीसाठी जोपासले आहे. ग्राहकांनी दोन्ही एकत्र मागितले पाहिजे.

प्रतिसाद १

उदाहरण चांगले आहे, परंतु ते अपवादाचे आहे, आणि उष्णतेचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. पातळ कवचात पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या यांना जागा कमी मिळते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत चपळ वाटणारे यंत्र अर्धा तास चित्रफीत संपादित करताना मंदावते. दुकानात उभ्या उभ्या केलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. २०२० च्या मॅकबुक एअरमधील ॲपलच्या एम१ चिपने पंख्याविनाही बरीच मजल मारली हे खरे, पण त्या यंत्रात मेमरी पुन्हा कायमचीच जोडलेली आहे.

प्रतिसाद ३

एक लहानशी भर. जाहिरातीतील वजनात चार्जर धरलेला नसतो. जुन्या पद्धतीचा जड चार्जर सोबत असेल, तर एक किलोचा लॅपटॉप प्रत्यक्षात सव्वा किलोच्या पुढे जातो. यूएसबी-सीवर चार्ज होणारे यंत्र घेतले तर फोन आणि लॅपटॉप दोहोंसाठी एकच छोटा चार्जर पुरतो. मात्र तो पुरेशा वॅटचा आहे ना, हे पाहून घ्यावे.

चर्चाप्रस्तावक

चित्रफीत संपादित करणाऱ्याने माझा निकष लावू नये, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ज्यांचे काम शब्दांचे आहे त्यांना प्रोसेसर तापेपर्यंत राबवण्याची वेळ क्वचितच येते. त्यांनी १६ जीबी मेमरीचे यंत्र घ्यावे, ते चार्जरसह तराजूवर ठेवावे आणि दीड किलोच्या वर काटा गेला तर दुसरे पाहावे.