शब्दचर्चा: ‘देशी ज्ञान’ की आणखी काही?

खाडीकाठ: पेण तालुक्यातल्या शाळेसाठी टिपण लिहितेय. जूनमध्ये वाडीवरच्या कातकरी बाया सहावीला रानभाज्या ओळखायला शिकवणार आहेत. या ज्ञानाला म्हणायचं काय? ‘देशी’ म्हटलं की पोरं खिदळतात, त्यांना बाटलीच आठवते. ‘मूलनिवासी’ला राजकारणाचा वास आहे. ‘पारंपरिक’ फारच ढगळ.

पाऊणकी: 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आदिवासी ज्ञान ‘भारतीय ज्ञान प्रणाली’त धरलंय. सरकारी कागदावर तेच चालवा. टिपणात मात्र ‘कातकऱ्यांचं रानभाज्यांचं ज्ञान’ असं सरळ लिहा, ज्याचं त्याच्या नावावर. ‘आदिवासी ज्ञान’ सरसकट नको. महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात, दर्यावरचे सोनकोळी येत नाहीत. आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणं (अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती) तर अख्ख्या किनाऱ्याचं. त्याला कुणा एका जमातीचं लेबल कसं लावणार?

रानवाट: मला नामापेक्षा क्रियापद खटकतं. पुस्तकी मजकुरात शास्त्रज्ञ ‘सांगतात’ आणि आदिवासी ‘मानतात’. शेवळं ही रानभाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं (आंबट रानफळं) घालतात. बाजारात कातकरणी शेवळांच्या जुडीशेजारीच काकडं मांडून बसतात ती त्यासाठीच. ‘काकडाने खाज जाते असे कातकरी मानतात’ हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याला एकदा नुसती शेवळं खायला घाला! ‘काकडं घातली की खाज मारली जाते, हे कातकऱ्यांना ठाऊक आहे’ असं लिहा. नवस किंवा देवाची गोष्ट असेल तिथे ‘मानतात’ बरोबर आहे, तिथे ते बदलू नका.

खाडीकाठ: पटलं. आणि त्या बायांना काय म्हणू? टिपणाच्या मसुद्यात ‘माहितीदार’ आहे.

रानवाट: ‘माहितीदार’ ऐकून पोलीसचौकी आठवते. शाळेत शिकवते ती बाई, मग त्याही बाईच. मुलांनी ‘अगं’ म्हणायचं नाही, हे आधीच बजावा. वाडीवरच्यांना अगंतुगं करायची सवय घराघरांतून येते.

पाऊणकी: हिशेबातही ‘मजुरी’ नको, ‘मानधन’ लिहा. त्यांचा त्या दिवसाचा बाजार बुडणार आहे, तेवढे पैसे तरी त्यात यायला हवेत. औषधी मुळ्यांचा विषय निघाला तर लिहून घेण्याआधी विचारा. काही गोष्टी घरातच ठेवायच्या असतात. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते, तीही एकदा चाळा. वाडीवरची नावं तिच्यात आहेत का बघा.

खाडीकाठ: शेवटचं. फलकावर ‘शेवळा’ लिहू की ‘शेवळं’? आमच्याकडे दोन्ही ऐकू येतं.

रानवाट: बाया म्हणतील ते. खडू त्यांच्या किंवा मुलांच्या हातात द्या.