फ्लायबाय मोहिमांचे युग संपले आहे का?

क्षितिज (मूळ लेखन)
न्यू होरायझन्स या यानाने साडेनऊ वर्षे प्रवास केला आणि सेकंदाला सुमारे १४ किमी वेगाने प्लूटोजवळून ते निघून गेले. जवळून पाहणे घडले ते काही तासांपुरते. माझे स्पष्ट मत आहे की अशा धावत्या भेटींचे, म्हणजे फ्लायबायचे, दिवस सरले आहेत. यापुढे कक्षेत राहू शकेल असेच यान पाठवावे, अन्यथा पाठवूच नये.

सांगलीकर
‘अन्यथा पाठवूच नये’ हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कक्षेत शिरायचे तर वेग कमी करावा लागतो आणि त्याला इंधन लागते. प्लूटोचे गुरुत्व इतके क्षीण आहे की तिथला मुक्तिवेग (त्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) सेकंदाला जेमतेम १.२ किमी भरतो. म्हणजे १४ पैकी जवळजवळ सगळा वेग यानाने स्वतःच्या बळावर घालवायचा. इंधनाचा झोत सेकंदाला ३ किमी वेगाने बाहेर पडतो असे धरून हिशेब केला, तर यानाच्या कोरड्या (इंधनाशिवायच्या) वजनाच्या सुमारे सत्तरपट इंधन तिथवर वाहून न्यावे लागले असते. सावकाश जायचे म्हटले, तर प्रवासालाच साधारण ४५ वर्षे लागतात. उड्डाणाच्या वेळी या यानाचे वजन होते ४७८ किलो. तेव्हा निवड फ्लायबाय की कक्षा अशी नव्हतीच; फ्लायबाय की काहीच नाही, अशी होती.

१४ जुलै २०१५ रोजी आपल्याकडे संध्याकाळचे सव्वापाच वाजून गेले होते, तेव्हा ते प्लूटोपासून साडेबारा हजार किमीवर होते. निरीक्षणे चालू असताना अँटेना पृथ्वीकडे वळवता येत नसल्यामुळे यानाकडून काहीच कळत नव्हते, आणि ते सुखरूप असल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून गेल्यावर आला. मी त्या रात्री झोपलो नाही. माझ्या लहानपणच्या पुस्तकात प्लूटो म्हणजे एक ठिपका होता. त्याच ठिकाणी नायट्रोजनच्या बर्फाचे वाहते मैदान आणि त्याच्या काठाने पाण्याच्या बर्फाचे डोंगर उभे राहिले. हा खर्च वाया गेला असे मला कोणी सांगू नये.

अनुराधा_म
सांगलीकर सर, आपली तळमळ समजते, पण जागून काढलेली रात्र म्हणजे पुरावा नव्हे. फ्लायबाय फसवतो, हा मुद्दा आपण टाळलात. मरिनर ४ या यानाने जुलै १९६५ मध्ये मंगळाची बावीस छायाचित्रे घेतली, त्यांत ग्रहाचा सुमारे एक टक्का भाग आला, आणि तेवढ्यावरून मंगळ म्हणजे चंद्रासारखा विवरांचा, मेलेला गोळा आहे असे मत पसरले. माझे वडील विज्ञान शिकवत असत. त्यांनी कित्येक वर्षे मुलांना हेच सांगितले आणि पुढे त्याची त्यांना खंत वाटत राहिली. १९७१ मध्ये मरिनर ९ कक्षेत राहिले, धुळीचे वादळ शमण्याची वाट पाहू शकले, आणि मग प्रचंड ज्वालामुखी, दऱ्या, कोरडी नदीपात्रे दिसली. बुधाजवळून मरिनर १० तीनदा गेले. तिन्ही वेळा तीच बाजू उन्हात होती, त्यामुळे नकाशाचा अर्ध्याहून अधिक भाग तीस वर्षांवर कोरा राहिला.

युरेनसची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. व्हॉयेजर २ तिथे २४ जानेवारी १९८६ ला पोहोचले, त्याच्या काही दिवस आधी सौरवाऱ्याने (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने) त्या ग्रहाचे चुंबकावरण, म्हणजे त्याच्याभोवतीचे चुंबकीय कवच, दाबून टाकले होते. अशी अवस्था तिथे सुमारे चार टक्के काळच असते, हे जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर २०२४ मध्ये पुढे आले. म्हणजे जवळपास चार दशके आपण एका अपवादालाच युरेनसचा स्वभाव समजत होतो.

वाटसरू
मुळात प्लूटोसाठी २०१५ पर्यंत थांबावे लागले, हीच घोडचूक होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. व्हॉयेजर १ शनीकडून वळून १९८६ च्या सुमारास प्लूटोला पोहोचू शकले असते. ती वाट सोडून ते नोव्हेंबर १९८० मध्ये शनीचा चंद्र टायटन याच्याजवळून नेले, आणि त्या वळणाने ते ग्रहांच्या प्रतलाबाहेर कायमचे फेकले गेले. बदल्यात मिळाला काय, तर धुक्याने झाकलेला नारिंगी चेंडू, ज्याच्या पृष्ठभागाचा कणही कॅमेऱ्याला दिसला नाही. ज्यांनी तेव्हा प्लूटोची आस धरली होती आणि जे २०१५ पूर्वी गेले, त्यांच्यापैकी एक माझा थोरला भाऊ. मला हा निर्णय आजही पचत नाही.

निनाद_क
वाटसरू, आपल्या भावाविषयी आदर राखून सांगतो की हा आरोप अन्यायाचा आहे. कॅमेऱ्याला दिसले नाही म्हणजे काही मिळाले नाही, ही समजूतच चुकीची. यान टायटनच्या मागे जात असताना त्याचा रेडिओ संदेश वातावरणाच्या थराथरांतून पृथ्वीवर आला, आणि त्यावरून पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट असल्याचे, तसेच तापमान उणे १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याचे कळले. तिथली हवा मुख्यतः नायट्रोजनची आहे, हेही त्याच भेटीत निश्चित झाले. हे आकडे हाती होते म्हणून हायगेन्स या उतरणाऱ्या यानाची पॅराशूट आखता आली, आणि १४ जानेवारी २००५ ला ते अडीच तास तरंगत टायटनवर उतरले.

वाटसरू
मला रेडिओ शिकवू नका. टायटनला पुढे कॅसिनी यान जाणारच होते. प्लूटोला दुसरे कोणी जाणार नव्हते.

निनाद_क
१९८० मध्ये कॅसिनी मंजूरही झालेले नव्हते! ‘जाणारच होते’ हे आज बसून म्हणणे सोपे आहे. शिवाय व्हॉयेजर १ ला टायटन साधले नसते, तर त्या कामासाठी व्हॉयेजर २ वळवण्याची योजना होती, आणि मग युरेनस व नेपच्यून दोन्ही हातचे गेले असते. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन याच्यावरचे नायट्रोजनचे फवारे आपण १९८९ मध्ये पाहिले ते टायटनची भेट पहिल्याच यानाने पार पाडली म्हणून. तेव्हाच्या कॅमेरा-नळ्यांनी १९८६ मध्ये प्लूटो पाहिला असता, तर ‘एकदा झाले’ म्हणून न्यू होरायझन्सला पैसेच मिळाले नसते, अशी मला दाट शंका आहे.

वाटसरू
शंकेवर वाद घालता येत नाही. मात्र ट्रायटनचे म्हणणे मला खोडता येत नाही, एवढे लिहितो. भावाचे दुःख तेवढ्याने कमी होत नाही.

सांगलीकर
अनुराधाताई, बुधाचा उरलेला भाग २००८ मध्ये मेसेंजर यानाने दाखवायला सुरुवात केली, तीही फ्लायबायमध्येच. कक्षेत ते २०११ मध्ये शिरले, आणि शिरू शकले ते आधीच्या फेऱ्यांत वेग घटवला म्हणून. गुरूचा चंद्र युरोपा याचेही पाहा. गुरूच्या किरणोत्सर्गात सतत राहिल्यास यंत्रे टिकत नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान गुरूभोवती फिरत ४९ वेळा युरोपाजवळून जाणार आहे.

अनुराधा_म
४९ वेळा जाणे आणि एकदाच जाणे यांत फरक आहे, आणि माझा आक्षेप त्या ‘एकदाच’ला आहे. युरेनसला कक्षायान पाठवण्याला अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मोठ्या मोहिमांत पहिले प्राधान्य दिले, ते उगाच नव्हे.

क्षितिज
‘पाठवूच नये’ हे शब्द मी मागे घेतो, कारण इंधनाचा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि उत्तर तेच आले. परंतु युरेनस आणि नेपच्यून या दोन ग्रहांपुरते माझे मत कायम आहे. तिथे पहिली भेट होऊन गेली आहे. तिथे पुन्हा धावते यान पाठवण्याचा प्रस्ताव आला, तर मी त्याला विरोध करीन.