फ्रँकलिनला काढलं ते ठीक, पण कॅम्पबेल तरी मोठी मॅच काढेल का?

मुळा_ते_निटनी

पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे जे कोणी इथे असतील त्यांच्यासाठी हा धागा. आपले जुने वैरी ओहायो स्टेटवाले न बोलावता येतीलच, त्यांचंही स्वागत.

नवा सीझन तोंडावर आलाय आणि आमच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पुन्हा पेटलाय. कोच जेम्स फ्रँकलिनला ऐन सीझनमध्ये घरी पाठवलं ते योग्य होतं का, आणि त्याच्या जागी आयोवा स्टेटहून आणलेल्या मॅट कॅम्पबेलकडून नक्की काय अपेक्षा ठेवायची? ग्रुपवरचे निम्मे लोक कॅम्पबेलवर फिदा आहेत. मी अजून नाही.

आधी फ्रँकलिनचं देणं देऊन टाकतो. मी स्टेट कॉलेजला एमएस करत होतो तेव्हाच जुना कोच जो पटर्नो याला काढलं. 46 सीझन, 409 विजय, आणि निरोप रात्री फोनवरून. कारण (जुन्या सहाय्यक कोचचं बाललैंगिक अत्याचार प्रकरण) सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मग कॉलेज खेळांची संस्था एनसीएएचा 6 कोटी डॉलरचा दंड, सीझननंतरच्या मानाच्या ‘बोल’ मॅचवर बंदी, स्कॉलरशिपना कात्री. जानेवारी 2014 मध्ये फ्रँकलिन आला तेव्हा ती बंदी उठलेली नव्हती. त्या अवस्थेतून तिसऱ्याच सीझनला त्याने 2016 ची बिग टेन (आपली लीग) जिंकली. ओहायो स्टेटची फील्ड गोल अडवली, ग्रँट हेली चेंडू उचलून पळत सुटला, 24-21. त्या रात्री मी शेजाऱ्यांची झोप मोडली होती. त्यामुळे आता ‘तो कधी कामाचाच नव्हता’ असं कोणी म्हणालं की डोकं फिरतं. पेन स्टेटमध्ये 104 विजय आहेत त्या माणसाचे.

पण देशातल्या टॉप टेनमधल्या टीमविरुद्ध 4-21, म्हणजे चार जिंकल्या, 21 हरल्या. ओहायो स्टेटविरुद्ध 1-10.

हरण्याचं मला फार वाटत नाही, कसे हरलो ते डाचतं. 2018 चा ओहायो स्टेटविरुद्धचा व्हाइट आउट (सगळं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत) आठवा. चौथ्या क्वार्टरमध्ये 26-14 पुढे होतो, ते 26-27 झाले. शेवटी चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, पाच यार्ड पुढे जायला हवं, हाताशी ट्रेस मॅकसॉर्लीसारखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा), आणि चेंडू पळायला दिला माइल्स सँडर्सकडे. तो तिथेच गाडला गेला. 2024 ला पुन्हा ओहायो स्टेट, 13-20 ने मागे, गोल लाइन तीन यार्डांवर, हाती चार प्रयत्न. केट्रॉन ॲलनला तीनदा त्याच भिंतीवर घातलं, चौथ्यांदा पास, तोही फुकट. सहा वर्षं गेली, माणसं बदलली, कोऑर्डिनेटर बदलले, आणि अडचणीच्या क्षणी सुचलं तेच. त्याची आठवड्याची तयारी उत्तम असायची. समोरच्याने त्या तयारीला उत्तर शोधलं की पुढचं पान कोरं.

गंमत बघा, मोठ्यांकडून हरल्याबद्दल त्याला कोणी काढलं नाही. 2025 ला देशात दुसऱ्या नंबरवर सुरुवात केली, ओरेगॉनकडून दोन ओव्हरटाइममध्ये 24-30 हरलो, तेव्हाही खुर्ची शाबूत होती. मग एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएकडून 37-42, आणि घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून 21-22. दुसऱ्या दिवशी, 12 ऑक्टोबरला, खेळ खलास. मोठ्यांशी हरलो तरी चालेल पण लहानांशी हरायचं नाही, असा एक अलिखित करार होता. त्याने तो इतकी वर्षं पाळला, आणि मोडला त्याच आठवड्यात गेला.

आता माझा प्रश्न. कॅम्पबेलची कीर्ती बरोबर उलटी आहे. कोणाला अपेक्षा नसताना तो मोठ्यांना लोळवतो. पण पेन स्टेटला बारापैकी नऊ-दहा मॅचमध्ये आपणच तगडे असतो. तिथे ही कला कितपत उपयोगी? आयोवात राहिलेलं कोणी आहे का इथे?

एम्सचा_मका

आहे ना. एम्समध्ये, म्हणजे आयोवा स्टेटच्या गावात, ॲग्रॉनॉमीची पीएचडी केली आणि इथेच चिकटलो. कॅम्पबेल आम्हाला सोडून तुमच्याकडे गेला त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये सुतक होतं, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

2017, नॉर्मनला ओक्लाहोमाच्या घरी मॅच, ते देशात तिसऱ्या नंबरवर. आमचा पहिला क्वार्टरबॅक टीमसोबत नव्हता, म्हणून काइल केम्प्ट नावाचा पोरगा उभा केला, जो स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला. जोएल लॅनिंग आधी क्वार्टरबॅक होता, त्याला लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) केलेलं, तो त्या दिवशी दोन्ही बाजूंनी खेळला. 38-31 जिंकलो. कॅम्पबेल काय करतो ते एवढ्यात कळावं. हातात जे आहे त्याला कुठे बसवलं तर चालेल, हे त्याला दिसतं. आमचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, त्याला मोठ्या कॉलेजांनी फार उशिरा विचारलं आणि 2022 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (प्रो टीम खेळाडू निवडतात तिथे) तो शेवटून पहिला, 262 वा. आज सगळे ओळखतात.

मुळाकर, तुमची शंका मात्र रास्त आहे आणि आम्ही एम्सवाले तो विषय काढत नाही. 2020 ला फिएस्टा बोल जिंकून नववे आलो. 2021 ला जवळजवळ तीच टीम परत आली, सीझनआधी सातवा नंबर, गावात सगळे हवेत. शेवट 7-6. एकदाच त्याच्यावर जिंकायलाच हवं असं ओझं आलं आणि एकदाच तो असा दबला. शिवाय शेजारच्या आयोवा विद्यापीठाशी पहिले पाच सामने तो हरला होता. त्या हरण्यात अविचार नसायचा. फार सावध खेळायचा, स्कोअर जवळ ठेवायचा आणि मग एखादी चूक महागात पडायची.

पण माणूस शिकतो. 2024 आणि 2025 ला आयोवाला हरवलं, 2024 ला अकरा विजय, जे त्या शाळेच्या इतिहासात कधी झालं नव्हतं.

बकआय_बंड्या

न बोलावता आलो, पाणी द्या.

30 नोव्हेंबर 2024 ला मी कोलंबसमध्ये, आमच्या ओहायो स्टेटच्या स्टेडियमवर होतो. मिशिगनकडून 10-13, तेही त्यांच्या पडत्या वर्षात, आणि सलग चौथ्यांदा. माझ्या मागच्या रांगेतले आजोबा आमच्या कोच रायन डेबद्दल जे बोलत होते ते इथे लिहिलं तर ॲडमिन मला उडवतील. मी स्वतः म्हणत होतो की याला आजच काढा. सात आठवड्यांनी, 20 जानेवारीला, त्याच माणसाने नोत्र दामला 34-23 हरवून नॅशनल चॅम्पियनशिप आणली. मग फेब्रुवारीत वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा करार.

तेव्हा सीझनमध्ये हाकलणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार. फ्रँकलिनचा बायआउट (करार मोडल्याची भरपाई) सुरुवातीला 4.9 कोटी डॉलरच्या घरात होता. तो व्हर्जिनिया टेकला कोच म्हणून गेला म्हणून तुम्ही 90 लाखांवर सुटलात.

मुळा_ते_निटनी

बंड्या, पाणी घे. पण तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मिशिगनविरुद्ध डे दिवसभर मधल्या भिंतीवर डोकं आपटत बसला. तीन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध पहिल्यापासून पास, रिसीव्हर जेरेमाया स्मिथकडे चेंडू. फायनलला शेवटी तिसरा डाउन, अकरा यार्ड जायचे असताना कोणीही कोच चेंडू जमिनीवर ठेवून वेळ काढला असता, त्याने स्मिथकडे लांब फेकायला लावला आणि तिथे मॅच संपली. चुकलेलं पाहून डे बदलला. फ्रँकलिनला 2018 ते 2024 एवढा वेळ मिळाला की!

खारी_बिस्किट

न्यू जर्सीहून. मुलगा पेन स्टेटला आहे म्हणून मी या खेळात पडले, त्यामुळे तुमच्याइतके जुने दाखले माझ्याकडे नाहीत. 8 नोव्हेंबरला मात्र मी तिथे होते. इंडियानाची मॅच. फ्रँकलिन गेलेला, क्वार्टरबॅक ड्रू ॲलरचा पाय जायबंदी, टेरी स्मिथ तात्पुरते कोच, आणि आपण 24-20 ने पुढे. मग त्या ओमार कूपरने मागच्या रेषेवर एका पायाचं बोट टेकवून पकडलेला तो चेंडू! 27-24. शेजारची मुलगी रडत होती, तिला मी चिवडा दिला. दुसरं काय देणार.

तर माझा मुद्दा असा. पुढे तीच इंडियाना 16-0 ने चॅम्पियन झाली. बिनकोचाच म्हणा, आपला संघ त्यांना तीन पॉइंटवर रोखतो, आणि आधी कोच असताना नॉर्थवेस्टर्नकडून हरतो. मग मुलांत दम होता ना? मला वाटतं शेवटी शेवटी मुलं फ्रँकलिनसाठी घाबरून खेळत होती. मैदानावर चौथ्या क्वार्टरला त्यांचे खांदे बघा, कळतं.

आणि मुळादादा, कॅम्पबेलची कला लहान संघापुरतीच का म्हणून तोलताय, तर इंडियानाचे कोच सिग्नेटी कुठून आले? जेम्स मॅडिसनहून, येताना तिथलीच तेराएक मुलं घेऊन. इंडियाना तर वर्षानुवर्षं हरण्यासाठीच प्रसिद्ध. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, मुलं सहज कॉलेज बदलतात, आणि कॉलेजं मुलांना थेट पैसे देतात, सगळ्यांना मिळून वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आसपास. पाच वर्षं झाड वाढवत बसायची पद्धत संपली. जो नेमकी वीस मुलं निवडतो तो कोच.

मुळा_ते_निटनी

खारीताई, खांद्यांचं पटलं. पैशांचं अर्धंच पटलं, कारण 2025 मध्ये पैसा आपल्याकडेही होता. ओहायो स्टेटचा जिम नोल्स वर्षाला 31 लाख डॉलर देऊन डिफेन्ससाठी आणला आणि तरी यूसीएलएने आपल्यावर 42 ठोकले.

फ्रँकलिनचं पुढचं भविष्य माझ्या मते चांगलं आहे. व्हर्जिनिया टेकला 2016 नंतर दहा विजय बघायला मिळालेले नाहीत, त्यांच्या एसीसी लीगमध्ये ओहायो स्टेट नाही, आणि वर्षाला नऊ-दहा सामने नेमाने काढणारा माणूस त्यांना हवाच होता. (ज्या ब्रेंट प्रायला काढून ती जागा रिकामी झाली, तो फ्रँकलिनचाच जुना डिफेन्स कोऑर्डिनेटर. कोचांचं जग म्हणजे एकच वाडा, भाडेकरू तेवढे खोल्या बदलतात.) दोन-तीन वर्षांत तो प्लेऑफला गेला तर आमच्या ग्रुपवर पुन्हा रणकंदन, हे लिहून ठेवा.

कॅम्पबेलला मी विजय मोजून जोखणार नाही. एखाद्या मोठ्या मॅचमध्ये हाफटाइमला मागे असताना तो तिसऱ्या क्वार्टरला काहीतरी वेगळं घेऊन बाहेर येतो का, एवढंच बघायचंय.

एम्सचा_मका

येतो. आणि क्वार्टरबॅक रोको बेक्ट तुमच्याकडे आलाय, तीन वर्षं आमच्याकडे खेळलेला पोरगा आहे. पहिल्या इंटरसेप्शनला (पास समोरच्याने पकडला की) बू करू नका, प्लीज.

बकआय_बंड्या

करणारच ते. लाखभर माणसं आहेत तिथे, चिवडा किती जणांना पुरणार?