घोडी फार सुटली आहे, खुराक कसा कमी करू?

भीमाकाठ: नमस्कार मंडळी. आमची काठेवाडी घोडी पावसापासून रपेट बंद असल्याने फार सुटली. बरगडी चाचपूनही लागत नाही, आयाळीखाली मान कडक फुगली आहे. भिजवलेला हरभरा दिवसाला तीन किलो, लसूणघास पोटभर आणि संध्याकाळी गूळ. महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च जमणार नाही. काय बदलू?

तुफानमालक: हरभरा सोडा, तयार पेलेट घ्या. पोतं साडेतीन हजाराचं, महिन्याला दोन लागतात. माझा घोडा सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात उभा केला की लोक वळून बघतात, ते उगाच नाही.

पागेकर: बजेट वाचलंत का? आणि हरभरा आमच्या आजोबांपासून चालू आहे. घोडी बसून खाते म्हणून सुटली. लांब दोरीवर रोज तासभर दौडवा, महिन्यात उतरते.

नदीपार: हरभऱ्याऐवजी गव्हाचा कोंडा द्या, हलका असतो.

खूरदक्ष: दौडवण्याआधी पुढच्या खुरांना हात लावून बघा. गरम लागतात का? वळताना पाय आखडते का? उभी असताना पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेते का? मान अशी कडक झाली की लॅमिनायटिस या खुरांच्या आजाराची भीती असते. साखर आणि पिष्ट जास्त झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि नखाला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे पापुद्रे दुखावतात. त्यात दौडवलं तर घोडी कायमची लंगडी होईल.

कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. त्यावर ठेवली तर हाडं ठिसूळ होतात.

वजन टेपने काढा: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11880. येतील ते किलो.

तुफानमालक: पेलेटमध्ये कॅल्शियम असतंच.

पागेकर: कडबा द्या मग. घरचाच असेल.

नदीपार: ज्वारीचं कोवळं पीक विषारी असतं, आमच्याकडे गाय गेली.

पागेकर: मी वाळला कडबा म्हणतोय, कोवळी ज्वारी नाही!

माळरान: मीही तेच म्हणतो, हरभरा बंद. दोन दिवस उपाशी ठेवली की चरबी झरझर उतरते.

खूरदक्ष: उपाशी अजिबात नको. लठ्ठ घोडी अचानक उपाशी राहिली तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बसतं, जीव जातो. वजनाच्या दीड टक्का वाळलं गवत रोज हवंच. डोंगरी गवत घ्या, तासभर पाण्यात भिजवून पाणी फेकून द्या, साखर थोडी निघून जाते. बारीक भोकांच्या जाळीत, चार-पाच वेळा विभागून द्या. बदल आठ-दहा दिवसांत, हळूहळू. मीठ-पाणी समोर असू द्या.

भीमाकाठ: मापं घेतली. घेर 178, लांबी 160, म्हणजे 427 किलो. गवत दिवसाला साडेसहा किलो. उजवा पुढचा खूर डाव्यापेक्षा गरम लागला, म्हणून पशुवैद्यांना बोलावलंय, उद्या येतील. तोवर दौड नाही. गूळ आजपासून बंद, लसूणघास गाईंना. पैसे डोंगरी गवताला.

हरभरा मात्र काहीजण म्हणता तसा पूर्ण बंद करणार नाही. वडील तोबरा बांधायला गेल्याशिवाय ती गव्हाणीकडे वळत नाही. तोबऱ्यात चिरलेलं गवत आणि वर मूठभर हरभरा टाकतोय, डॉक्टर नको म्हणाले तर तोही काढू. जाळी विकत घेणार नाही, वडील सुतळीची विणत आहेत.