हेल्मेट घातलं की सीट मान पुढे ढकलते, स्पोर्ट्स कारवाल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मूळ पुणे, सध्या मुक्काम श्टुटगार्ट. गेल्या वर्षी जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. २०१७ ची, एनडी (म्हणजे चौथ्या पिढीची), कापडी टपाची. रोजच्या वापरात सीटबद्दल काडीची तक्रार नाही. म्युनिकपर्यंत एका दमात जातो, पाठ कुरकुरत नाही.

मे महिन्यात हौसेने होकेनहाइमच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) गेलो. ४.५७४ किलोमीटरची फेरी, २०-२० मिनिटांची चार सत्रं. हेल्मेट घालून बसलो आणि पहिल्या मिनिटातच कळलं की हे काही खरं नाही. या सीटचं हेडरेस्ट पाठीसोबत एकसंध आहे, वर-खाली किंवा मागे-पुढे होत नाही. हेल्मेटची मागची जाडी मी टेपने मोजली, साडेचार सेंटीमीटर भरली. म्हणजे डोकं तेवढंच पुढे येतं आणि हनुवटी छातीकडे वळते. बायकोने फोटो काढलाय, त्यात मी बोहल्यावरच्या नवरीसारखा मान खाली घालून बसलोय. त्यात माझी उंची १८४ सेंटीमीटर, तीही सगळी कमरेच्या वर. हेल्मेटचा माथा टपाच्या कापडाला घासतो.

दोन सत्रांनंतर मानेचा मागचा भाग असा आखडला की तिसरं अर्ध्यात सोडलं आणि चौथ्याला बाहेर कॉफी पीत बसलो.

एक उपाय करून पाहिला: सीटची पाठ तीन खाचा मागे टाकली. मान सुटली, पण स्टीअरिंग लांब गेलं. २०१९ च्या मॉडेलपासून स्टीअरिंग पुढे-मागेही होतं, माझं फक्त वर-खाली होतं. हात ताणले की खांदे सीट सोडतात आणि वळणात मी स्टीअरिंगला लोंबकळतो.

तर प्रश्न असा: सीट न बदलता काही जमेल का? की बकेट सीटच (अंगाला दोन्हीकडून धरणारी रेसिंगची सीट) घ्यावी? हेल्मेट मोटरसायकलचं आहे, ईसीई २२.०६ या सुरक्षा मानकाचं. आयोजकांना ते चालतं.

---

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

माझ्याकडे याच गाडीची आजी आहे, १९९१ ची एनए, म्हणजे पहिली पिढी. उंचीचं दुखणं तेच. इथे लोक सीटचा फोम कापतात. सीटचे चार बोल्ट काढायचे, खालच्या तारेच्या कड्या सोडवून कव्हर सोलायचं आणि बुडाखालचा फोम हॅकसॉच्या पात्याने तासायचा. बाजूच्या उंच कडांना हात लावायचा नाही, त्याच तुम्हाला वळणात धरून ठेवतात. मला इंचभर जागा मिळाली. पहिल्या खेपेला जास्त तासलं आणि खालचा पत्रा टोचायला लागला, मग एक थर परत चिकटवला.

पण तुमच्या एनडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे, माझ्यात नाही. पाठीच्या भागाला अजिबात सुरी लावू नका. बुडाचं करायचं असेल तरी आधी बॅटरी सोडून ठेवा आणि सीटखालचे पिवळे कनेक्टर इग्निशन चालू असताना काढू नका.

---

प्रतिसाद

बकेट सीट आणि फोर-पॉइंट हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून बांधणारा रेसिंगचा पट्टा) टाका, विषय संपला. मान आपोआप सरळ होते.

---

प्रतिसाद, पुण्याहून

वरच्या भाऊंनी घाईत लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं रॅलीत नॅव्हिगेटरच्या सीटवर काढली आहेत. मानेची किंमत कळते.

कापडी टपाच्या गाडीत रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) नसताना हार्नेस लावू नका. गाडी उलटली तर साधा थ्री-पॉइंट बेल्ट अंगाला थोडं कलू देतो, हार्नेस मात्र ताठ बांधून ठेवतो आणि वर टप म्हणजे नुसतं कापड. शिवाय मांड्यांमधला पट्टा नसलेला फोर-पॉइंट धडकेत कमरेवरून पोटावर सरकू शकतो. आणि हार्नेसने धड घट्ट बांधलं की एकटं डोकंच पुढे फेकलं जातं. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकन रेसर डेल अर्नहार्ट गेले ते कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. त्यानंतर मान धरणारी हान्स उपकरणं झपाट्याने सक्तीची झाली, फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून. हान्स खांद्यावरच्या दोन पट्ट्यांखाली बसतं, तुमच्या थ्री-पॉइंटबरोबर ते निकामी. म्हणजे सगळं एकत्र तरी घ्या, नाहीतर आहे तो बेल्ट ठेवा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही मानेचा विचार करताय, खरी गोम खांद्यामागे आहे. दोन खाचा मागे टाका (तीन नको), आणि दोन्ही फऱ्यांच्या मागे अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचा कडक फोम द्या. योगा मॅटची घडी चालेल, उशी नको, ती दबते. धड पुढे येतं, डोकं जागेवर राहतं, हेल्मेटला मागे जागा मिळते. फोम सीटच्या मध्यावरच ठेवा, एअरबॅगच्या बाजूची शिवण झाकू नका. बुडाखाली काही घालू नका, बेल्ट कमरेच्या हाडावरच बसला पाहिजे.

मग हेल्मेट घालून, बेल्ट लावून, खांदे न उचलता मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर टेकतं का बघा. टेकलं तर बैठक बरोबर. हेडरेस्ट आणि हेल्मेटमध्ये दोन बोटं अंतर राहू द्या, त्याहून जास्त नको. मागून धडक बसली तर मानेला तोच आधार.

आणि मोटरसायकलच्या हेल्मेटचं बूड बघा. बऱ्याच हेल्मेटांना मागे हवेसाठी शेपटीसारखा उंचवटा असतो. तुमच्या साडेचारातला एक सेंटीमीटर तिथलाच असेल. कारच्या हेल्मेटचं अस्तर आगीला टिकणारं असतं, मोटरसायकलच्या हेल्मेटला ती अट नसते. पुढचं घेताना स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ चा शिक्का बघा, आणि दुकानात नव्हे, गाडीत बसून घालून पाहा.

---

प्रतिसाद, फ्रांकफुर्टहून

बकेट घ्यायचीच असेल तर आधी ट्यूफचा (जर्मनीतली गाड्या तपासणारी संस्था) विचार करा. सीटचं आणि ती बसवायच्या कन्सोलचं (सीटखालची चौकट) प्रमाणपत्र याच गाडीसाठी नसेल तर नोंदीसाठी चकरा मारत बसाल. एअरबॅगचा दिवाही पेटता राहता कामा नये.

बकेट निवडताना डोक्याजवळ कान असलेली घेऊ नका. बाजूने बघायची वाट बंद होते आणि रस्त्यावर चौक ओलांडताना जीव टांगणीला लागतो.

रोल बार बसवलात तर केरसुणीच्या दांड्याची चाचणी करा: दांडा काचेच्या वरच्या चौकटीपासून रोल बारच्या माथ्यापर्यंत टेकवायचा, हेल्मेट त्याच्या दोन इंच खाली हवं. बरेच आयोजक हेच बघतात.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या दादांचा नुस्खा काल संध्याकाळी गॅरेजमध्ये करून पाहिला. बायकोची योगा मॅट कापली (तिला अजून सांगितलेलं नाही). दोन खाचा मागे, फऱ्यांमागे तीन सेंटीमीटर. मनगट टेकतं, हनुवटी वर आली, गाडी मागे झुकल्यामुळे माथाही कापडापासून बोटभर सुटला. चुकलो, गाडी नव्हे, सीट.

हेल्मेटची शेपटी मोजली, सव्वा सेंटीमीटर निघाली. नवं हेल्मेट आता यादीत पहिलं. हार्नेसचा विषय रोल बार येईपर्यंत बंद.

एकच शंका उरली. मॅट बेल्टने दाबून धरल्यावरही उजव्या वळणात डावीकडे सरकते. वेल्क्रोने चिकटवली तर सीटच्या कापडाची वाट लागेल का? कुणी काय वापरलंय?