मॅनेजर, प्रशिक्षक की व्यवस्थापक? आणि ‘बचावपटू’ म्हणजे नेमका कोण?

डावी बगल
आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या आमच्या गटात एक वाद काही केल्या मिटत नाही. १९९६च्या ऑक्टोबरात आर्सेन वेंगर मॅनेजर म्हणून आले तेव्हा ॲडम्स, बोल्ड, किओन, डिक्सन, विंटरबर्न ही मंडळी त्यांना आयतीच मिळाली. मग ती बचावफळी पूर्वीचे मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम यांची म्हणायची की वेंगरची? भांडण मराठीत चालतं आणि तिथेच गोची होते. एक जण ‘नवा प्रशिक्षक’ लिहितो, दुसरा ‘नवा व्यवस्थापक’, आणि दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलतायत असं वाटायला लागतं. मॅनेजरला मराठीत काय म्हणावं? शिवाय सेंटर बॅक (बचावात मधोमध खेळणारा), साइड बॅक (कडेने खेळणारा), स्टॉपर या सगळ्यांना सरसकट ‘बचावपटू’ म्हणायचं का?

शब्दफेक
‘व्यवस्थापक’ अजिबात नको. क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात संघाचा व्यवस्थापक म्हणजे दौऱ्यावर बस, हॉटेल, पास बघणारा माणूस. तो अकरा जण निवडत नाही. ‘व्यवस्थापकाने किओनला बाहेर बसवलं’ असं वाचलं की याला कोणी अधिकार दिला, असंच मनात येतं. वर्तमानपत्रं ‘प्रशिक्षक’ लिहितात, तेच बरोबर.

जुना गनर
‘प्रशिक्षक’ने अर्धंच काम भागतं. इंग्लंडमधला मॅनेजर सराव घेतो, संघ निवडतो, आणि कोणाला विकत घ्यायचं, कोणाला विकायचं तेही बऱ्याच अंशी तोच ठरवत आलाय. पूर्वी कित्येक क्लबांत संघनिवड संचालकांच्या हातात असे. हर्बर्ट चॅपमन १९२५ मध्ये आर्सेनलला आले आणि सगळा कारभार त्यांनी आपल्या मुठीत घेतला. १९३२ मध्ये तर ‘गिलेस्पी रोड’ या भुयारी रेल्वेच्या स्थानकाचं नाव बदलून ‘आर्सेनल’ करून घेतलं. याला प्रशिक्षक म्हणणार?

आता तुमचा मूळ वाद. विंटरबर्न १९८७ मध्ये विम्बल्डनकडून घेतला. डिक्सन आणि बोल्ड दोघंही १९८८ मध्ये स्टोक सिटीकडून आले. एकटा ॲडम्स घरचा. ही चौकडी जमवली ती ग्रॅहम मॅनेजरने. मग तिला घोटवून घेतलं ते ग्रॅहम प्रशिक्षकाने. सरावात चौघांना एक दोरी धरायला लावून ओळ राखायला शिकवलं, असं सांगतात. एक पुढे सरकला की चौघं सरकणार. १९९०-९१च्या मोसमात ३८ सामन्यांत १८ गोल खाल्ले, एकच सामना हरले आणि लीग जिंकली. वेंगरनी त्यांचं खाणंपिणं बदललं, स्नायू ताणण्याचे व्यायाम लावले, आणि तिशी ओलांडलेल्या या लोकांना आणखी काही वर्षं खेळवलं. डिक्सन २००२ मध्ये लीग आणि एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) दोन्ही जिंकून अडतिसाव्या वर्षी थांबला. ही कमाई प्रशिक्षक वेंगरची. मॅनेजर वेंगरचा हिशेब २००३-०४च्या बचावफळीवर करा: लॉरेन, कोलो टूरे, सॉल कॅम्पबेल, ॲशली कोल. एक सामनाही न हरता लीग.

शब्दफेक
तुमच्याच मापाने बोलू या. लॉरेन आणि टूरे दोघंही आले तेव्हा मधल्या फळीत खेळायचे. त्यांना मागे आणून बचावात बसवलं, ही प्रशिक्षकाची करामत. कोल क्लबच्याच मुलांतून वर आलेला. तयार बचावपटू म्हणून बाहेरून आणलेला एकटा कॅम्पबेल, आणि तोही २००१ मध्ये टॉटनहॅमकडून करार संपल्यावर फुकटात आला.

जुना गनर
टॉटनहॅमचा कर्णधार फुकटात आणणं याहून मोठी मॅनेजरकी कोणती असते हो?

पडदे की पाठी
तुम्ही दोघं शब्दावरून पुन्हा खेळाडूंवर घसरलात. :) पण हा फरक क्लब स्वतःही करतो, हे इथे सांगायला हवं. २०१८ मध्ये उनाई एमरी आले ते ‘हेड कोच’ म्हणून. मिकेल आर्टेटालाही डिसेंबर २०१९ मध्ये तेच पद मिळालं. ऑगस्ट २०२० मध्ये त्याने एफए कप जिंकून दिला आणि सप्टेंबरात क्लबने त्याचं पदनाम बदलून ‘मॅनेजर’ केलं. माणूस तोच, मैदान तेच. खेळाडूंच्या देवघेवीतला त्याचा वाटा वाढला, म्हणून पद बदललं. दोन्हींना मराठीत ‘प्रशिक्षक’ लिहिलं तर ही बातमी देणार कशी? ‘प्रशिक्षक आर्टेटा आता प्रशिक्षक’? मी हेड कोचला ‘मुख्य प्रशिक्षक’ लिहिते आणि मॅनेजरला सरळ ‘मॅनेजर’. बँकेतला मॅनेजर चालतो तर फुटबॉलमधला का नाही?

डावी बगल
हे पटलं. ‘बचावपटू’चं काय?

पडदे की पाठी
बातमीच्या मथळ्याला ठीक आहे. पण कबड्डीतही बचावपटू, फुटबॉलमध्येही बचावपटू, त्यामुळे शब्द पसरट झालाय. आणि त्यात नुसता जीव वाचवण्याचा सूर आहे. ग्रॅहमची चौकडी जीव वाचवत मागे थांबत नव्हती. ती पुढे सरकून समोरच्याला आपल्या ओळीमागे ठेवायची, म्हणजे ऑफसाइडमध्ये (चेंडू दिला जाताना नियमापेक्षा पुढे) पकडायची, आणि पंचाकडे दाद मागायला चौघांचे हात एकदम वर जायचे. मला त्यापेक्षा ‘बचावफळी’ आवडतो, कारण त्यात ‘फळी’ आहे. फळी म्हणजे लढाईतली रांग. एक जण मागे रेंगाळला की फळी फुटली. ऑफसाइडचा अख्खा डाव त्यावरच उभा असतो.

जुना गनर
‘सेंटर हाफ’ची गंमत राहिली. इंग्लंडमधले जुने लोक सेंटर बॅकला अजून सेंटर हाफ म्हणतात, आणि नवख्याला कळत नाही की बचावातला माणूस ‘हाफ’ कसा. तो खरोखरच आधी मधल्या फळीत खेळायचा. ऑफसाइड होऊ नये म्हणून १९२५ पर्यंत सहकारी चेंडू देताना पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीन जण असावे लागत, त्या वर्षी नियम बदलून दोन पुरेसे झाले. गोल भराभर व्हायला लागले, तेव्हा चॅपमननी सेंटर हाफला दोन बॅकच्या मधोमध नेऊन उभं केलं. जागा बदलली, नाव तेच राहिलं. ते काम हर्बी रॉबर्ट्सने इतकं चिवटपणे केलं की अशा खेळाडूला ‘स्टॉपर’ म्हणायची रीत पडली. म्हणजे इथेही नवा मॅनेजर आणि बचावातला माणूस एकाच गोष्टीत आहेत.

शब्दफेक
मग स्टॉपरला ‘अडसर’ म्हटलं तर?

पडदे की पाठी
बोलताना छान. ‘रॉबर्ट्सचा अडसर’ म्हणजे कोणी रॉबर्ट्सला अडवतंय असंही होईल. स्टॉपर राहू दे. साइड बॅकचे तर हालच आहेत. आर्सेनलकडे असताना झिंचेंको नावाला डावा बॅक, आणि चेंडू आपल्याकडे आला की मधोमध जाऊन खेळायचा. उजवीकडे बेन व्हाइट, तो मुळातला सेंटर बॅक. मी लिहिताना आधी जागा सांगते, मग तो तिथून कुठे जातो ते. एका शब्दात बसवायला गेलं की काहीतरी खोटं लिहिलं जातं.

शब्दफेक
आणि ३ मे १९९८ला एव्हर्टनविरुद्ध चौथा गोल? बोल्डने वरून चेंडू दिला, ॲडम्सने छातीवर घेऊन डाव्या पायाने जाळ्यात मारला. दोघेही सेंटर बॅक. ‘बचावपटूच्या पासवर बचावपटूचा गोल’ हे वाक्य मात्र मला आहे तसंच हवंय. त्यातली मजा त्या शब्दामुळेच आहे.

डावी बगल
मान्य. गटात आजपासून ‘व्यवस्थापक’ बंद. ग्रॅहम की वेंगर यावर भांडण चालू राहील, फक्त आता लोक आधी विचारतील, मॅनेजर म्हणून की प्रशिक्षक म्हणून?