आल्टन एलिस ऐकायचाय, मूळ रेकॉर्डिंग कसं ओळखायचं?

खर्ज: शॉन पॉल आणि साशाचं 'आय ॲम स्टिल इन लव्ह विथ यू' मूळचं जमैकन गायक आल्टन एलिसचं. पण ॲपवर त्याच गाण्याच्या चार-पाच आवृत्त्या दिसतात आणि सालं जुळत नाहीत. खरी कोणती? आणि एवढ्या ताकदीच्या गायकाचं नाव बॉब मार्लीच्या जोडीनं का घेतलं जात नाही?

तबकडी: ॲपवरचं साल बहुतेक वेळा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यावर जाऊ नका. मूळ गाणं १९६७चं, किंग्स्टनच्या 'स्टुडिओ वन'चं, निर्माता कॉक्सन डॉड. पुढे इंग्लंडात राहायला गेल्यावर आल्टननं आपली बरीच जुनी गाणी नव्यानं गायली, घोळ तिथून सुरू होतो. सिंथसायझर ऐकू आला की सावध व्हा: एकतर ते नवं रेकॉर्डिंग आहे, नाहीतर जुन्या टेपवर नंतर चढवलेली वाद्यं. डॉड असे थर सत्तरच्या दशकात सर्रास चढवायचा.

त्याच काळात आल्टन डॉडचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड याच्या 'ट्रेझर आयल'साठीही गात होता. तिथे साथीला टॉमी मॅकूकचा 'सुपरसॉनिक्स' हा वाद्यवृंद, म्हणून वाजवणं नितळ, हलकं. 'स्टुडिओ वन'कडे जॅकी मिट्टूचा ऑर्गन आणि जड बास. 'गर्ल आय हॅव गॉट अ डेट' (रीड) आणि 'मॅड मॅड' (डॉड) पाठोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

एकमात्रा: हेडफोनवर आवाज एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात आली तर हेडफोन बिघडला असं समजू नका. तेव्हा 'स्टुडिओ वन'मध्ये दोनच ट्रॅक होते, एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळा. काही स्टिरिओ प्रतींत ते तसेच दोन बाजूंना टाकलेत. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बास गायब होतो आणि रॉकस्टेडीत, म्हणजे आल्टनच्या या संथ लयीच्या जमैकन प्रकारात, उरतं काय? त्याआधीच्या वेगवान स्कामध्ये बास न थांबता चालत राहतो. १९६६नंतर लय उतरली, बास चार-पाच सुरांचा तुकडा वाजवून गप्प बसू लागला. त्या मोकळ्या जागेत आल्टन शब्द ओढतो, सूर किंचित उशिरा लावतो. त्याची खरी गायकी तिथे आहे.

तबकडी: मार्लीबद्दल. रेगे जगभर पोचला तो १९७३नंतर, रास्ताफारी (जमैकातला धर्मपंथ) आणि बंडाच्या गाण्यांवर. आल्टन प्रेमगीतांचा गायक, आणि तोवर जमैका सोडून गेलेला. त्यात तिथला रिवाज असा की टेपची मालकी निर्मात्याची. तीच चाल पुन्हा वाजवून दुसऱ्यानं तिच्यावर गायचं. जो गिब्स या निर्मात्यानं 'स्टिल इन लव्ह'चा ठेका नव्यानं वाजवून घेतला, त्यावर मार्शिया एटकेन गायली, मग ट्रिनिटी, मग अल्थिया आणि डोना. या दोघींचं 'अपटाउन टॉप रँकिंग' फेब्रुवारी १९७८मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. आल्टन तेव्हा ब्रिटनमध्येच राहत होता! 'मॅड मॅड'चा ठेका तर यलोमॅनच्या 'झुंगुझुंगुगुझुंगुझेंग'पर्यंत पोचला. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे.

एकमात्रा: 'डान्स क्रॅशर' आणि 'क्राय टफ' सोडू नका. फक्त प्रेमगीतांचा गायक म्हणणं मला पटत नाही. 'डान्स क्रॅशर'मध्ये तो नाचाच्या कार्यक्रमांत दंगा करणाऱ्या पोरांना थेट समजावतो, तेही बाकीचे त्यांचे गोडवे गात असताना.